फाइलींना ‘रीड ओन्ली’ केलं तरी त्या डिलीट होतातच कशा?

पुस्तककिडा | सोमवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. पार्ल्यातल्या एका जुन्या वाचनालयात आम्ही काही जण जुने दिवाळी अंक आणि बंद पडलेली मासिकं स्कॅन करतो. सकाळी निवृत्त मंडळी, दुपारी कॉलेजची मुलं. कागद इतका ठिसूळ झालाय की काही अंक स्कॅनरवर एकदाच ठेवता येतात. दुसऱ्यांदा पान उलटायला गेलं की कोपरा हातात येतो. त्यामुळे स्कॅन गेलं की अंक गेल्यातच जमा.

मशीन म्हणजे एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबंटू. स्कॅनसाठी ४ टीबीची वेगळी डिस्क आहे, एक्स्ट४ फॉरमॅटची. मागच्या आठवड्यात ‘जागा कमी आहे’ असा निरोप आला म्हणून कोणीतरी सफाई केली आणि त्यात एका मासिकाचं अख्खं वर्ष उडालं. कोणी केलं ते मला शोधायचं नाहीये, सगळे आपलेच आहेत.

मला कोडं पडलंय ते वेगळंच. मी सगळ्या फाइलींना आधीच सीएचमॉड ४४४ करून ठेवलं होतं. वाचता येईल, लिहिता येणार नाही. तरी उडाल्या! आज एका फालतू फाइलीवर करून पाहिलं, डिलीटचं बटण दाबल्याबरोबर गेली, विचारलंसुद्धा नाही. लिनक्समध्ये ‘डिलीट करू नये’ अशी वेगळी परवानगी असते का? सगळ्यांना वाचता यावं, नवीन भर घालता यावी, मिटवता कोणालाच येऊ नये, एवढंच हवंय.

(आज्ञा देवनागरीत लिहितेय. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टंकते.)

फास्ट_लोकल | सोमवार, रात्री १०.३५

ताई, तत्त्वज्ञान नंतर. आधी त्या ४ टीबीच्या डिस्कवर नवीन काही लिहू नका आणि ट्रॅश बघा. फाइल मॅनेजरमधून बटण दाबून डिलीट केलं असेल तर फाइल खरं म्हणजे गेलेली नसते. वेगळ्या डिस्कचा ट्रॅश त्याच डिस्कवर, अगदी वरच्या पातळीला, टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरमध्ये असतो: ‘.ट्रॅश-१०००’. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. १००० हा त्या खात्याचा नंबर, म्हणजे उबंटू बसवताना जे पहिलं खातं बनवलं ते.

टर्मिनलवरच्या आरएम या डिलीटच्या आज्ञेने उडवलं असेल तर मात्र ट्रॅशमध्ये काही मिळणार नाही.

रूटकॅनॉल | सोमवार, रात्री ११.०५

नाही, डिलीटची वेगळी परवानगी नसते. निदान वाचा-लिहा-चालवा या नेहमीच्या त्रिकुटात तरी नाही. आणि तुमचं ४४४ चुकीचं नव्हतं, चुकीच्या जागी होतं.

डिरेक्टरी म्हणजे तुमच्या वाचनालयाची दाखल नोंदवही समजा. तिच्यात फक्त नाव आणि ते नाव कुठल्या आयनोडकडे (फाइलीची डिस्कवरची मूळ नोंद) जातं एवढंच लिहिलेलं असतं. फाइलीवर ४४४ लावलं म्हणजे पुस्तकाच्या पानांवर कोणी रेघोट्या मारू नयेत. पण डिलीट करणारा पुस्तकाला हात लावतच नाही, तो नोंदवहीतली ओळ खोडतो. त्या सिस्टिम कॉलचं नावच ‘अनलिंक’ आहे. शेवटची ओळ खोडली गेली आणि कुठल्याही प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवलेली नसली की मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा मोकळी करतो.

म्हणून डिलीट करायला ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे त्या फोल्डरवर लिहायची आणि आत शिरायची, म्हणजे डब्ल्यू आणि एक्स, परवानगी लागते. फाइलीवर काय आहे याला विचारतच नाही. फाइल दुसऱ्याच्या मालकीची असो, ४४४ असो, अगदी ००० असो. नाव बदलणं आणि दुसरीकडे हलवणं यालाही हाच नियम.

टर्मिनलवर आरएम केलं असतं तर ‘राइट-प्रोटेक्टेड फाइल आहे, काढू का?’ असं विचारलं असतं. तो निव्वळ आरएमचा शिष्टाचार. -एफ लावलं की तोही गेला. कर्नलची त्यात काही हरकत नसते.

भांडुपकर | सोमवार, रात्री ११.२०

एवढं पुराण कशाला? सुडो सीएचअ‍ॅटर -आर +आय, म्हणजे फोल्डर आणि आतलं सगळं गोठवायचं. संपला विषय. रूटलासुद्धा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्यालासुद्धा, डिलीट करता येत नाही.

कटिंगचहा | सोमवार, रात्री ११.४०

भांडुपकर, मग भर कशी घालणार? +आय लावलेल्या फोल्डरमध्ये नवीन फाइलही बनत नाही. ताईंनी भर घालायची म्हटलंय.

पुस्तककिडाताई, तुमच्यासाठी स्टिकी बिट. फोल्डरवर सीएचमॉड +टी करा. मग त्यातली फाइल फक्त तिघांना काढता किंवा नाव बदलता येते: फाइलीचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट. तुमच्या मशीनवरच्या /टीएमपी फोल्डरला हेच असतं, १७७७. एलएस -एलडी करून बघा, शेवटी टी दिसेल. सगळ्या जगाला तिथे लिहिता येतं, तरी एकमेकांच्या फाइली कोणी उडवू शकत नाही, ते याच्याच जोरावर.

तुमच्याकरता: ‘वाचन’ नावाचा ग्रुप बनवा, सगळ्यांना त्यात घाला, फोल्डरचा मालक रूट ठेवा, ग्रुप ‘वाचन’, आणि सीएचमॉड ३७७०. ३ मध्ये १ स्टिकीचा आणि २ सेट-जीआयडीचा, म्हणजे आत बनणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘वाचन’ ग्रुपची होते. मालक मुद्दाम रूट, कारण फोल्डरचा मालक स्टिकी असूनही सगळ्यांचं उडवू शकतो.

अवांतर: स्टिकी बिट मुळात या कामासाठी नव्हताच. १९७४च्या पाचव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तो प्रोग्रामच्या फाइलींवर लावत, प्रोग्राम संपला तरी त्याचा मजकूर स्वॅपमध्ये चिकटून राहावा म्हणून. फोल्डरवरचा आजचा अर्थ १९८६च्या ४.३बीएसडीपासूनचा. लिनक्स फाइलीवरच्या टीकडे बघतही नाही, त्यामुळे -आर लावून सगळ्या फाइलींवर टी चिकटवून काही मिळणार नाही.

पुस्तककिडा | मंगळवार, रात्री ९.१५

फास्ट_लोकल, तोंडात साखर पडो. ट्रॅशमध्ये अर्ध्याहून जास्त महिने सापडले, परत जागेवर ठेवले. उरलेले काही मिळेनात.

कटिंगचहा, सांगितलं तसं केलं. ग्रुप, ३७७०, मालक रूट. आणि तरी फाइल डिलीट होतेय!! टी दिसतोय, तपासलं. काय चुकतंय?

रूटकॅनॉल | मंगळवार, रात्री ९.३०

एक सांगा, सगळे जण मशीनवर बसतात ते आपापल्या खात्याने, की एकाच?

पुस्तककिडा | मंगळवार, रात्री ९.३४

एकच. ‘स्कॅन’ नावाचं. पासवर्ड मॉनिटरखाली चिकटवलाय.

रूटकॅनॉल | मंगळवार, रात्री ९.५०

झालं तर मग. कर्नलला माणसं दिसत नाहीत, खाती दिसतात. सकाळचे आजोबा आणि दुपारची मुलगी दोघंही त्याच्या लेखी ‘स्कॅन’. प्रत्येक फाइलीचा मालकही ‘स्कॅन’. मालकाला स्वतःची फाइल उडवायला स्टिकी कधीच अडवत नाही.

शिवाय हे बहुधा तेच खातं, उबंटू बसवताना बनलेलं? मग ते सुडो ग्रुपमध्ये असणार. म्हणजे मॉनिटरखाली रूटचा पासवर्ड चिकटवलाय.

प्रत्येकाला वेगळं खातं द्या. अ‍ॅडयूजर, पाच मिनिटांचं काम. सुडो फक्त दोघांकडे, तुम्ही आणि आणखी एक जण, कारण तुम्ही गावाला गेलात की काम अडायला नको. जुनं ‘स्कॅन’ खातं सुडो ग्रुपमधून काढा, पण आधी स्वतःच्या खात्याने सुडो चालतंय याची खात्री करूनच. नाहीतर रिकव्हरी मोडमध्ये शिरायची वेळ येईल.

फास्ट_लोकल | मंगळवार, रात्री १०.१०

ताई, ज्या फाइली ट्रॅशमध्ये मिळाल्या नाहीत त्या बहुतेक टर्मिनलवरून किंवा नेटवर्कवरून गेल्या. कोणी विंडोजच्या लॅपटॉपवरून हे फोल्डर उघडतं का?

पुस्तककिडा | मंगळवार, रात्री १०.२५

हो, कार्यकारिणीतले एक सभासद. साम्बा, म्हणजे विंडोजवरून हे फोल्डर उघडायची सोय, त्यांच्या भाच्याने लावून दिलं होतं, बोरिवलीहून येऊन. आता तो बंगळुरूला.

शून्यप्रहर | मंगळवार, रात्री १०.५५

साम्बाचं नाव निघालंच आहे तर एसएमबी डॉट कॉन्फ ही त्याची सेटिंगची फाइल उघडा आणि त्या शेअरखाली ‘फोर्स यूजर’ अशी ओळ आहे का बघा. घाईत लावलेल्या साम्बात ती हमखास सापडते, कारण परवानग्यांच्या सगळ्या कटकटी एका फटक्यात मिटतात. तिचा अर्थ: नेटवर्कवरून कोणीही येवो, डिस्कवर काम त्या एकाच खात्याच्या नावाने होणार. म्हणजे वर रूटकॅनॉल यांनी सांगितलेलंच, मागच्या दाराने. ओळ काढा, प्रत्येकाचं साम्बा खातं एसएमबीपासडब्ल्यूडीने बनवा, मग स्टिकी नेटवर्कवरूनही लागू होईल. शेवटी फाइल काढतो तो कर्नलच.

आणि साम्बाला स्वतःचा कचरापेटीवाला मॉड्यूल आहे, ‘रिसायकल’. व्हीएफएस ऑब्जेक्ट्सच्या ओळीत टाकला आणि ‘कीपट्री’ येस केलं की नेटवर्कवरून डिलीट झालेलं एका बाजूच्या फोल्डरमध्ये, मूळ रचनेसकट जाऊन बसतं. टर्मिनलवरच्या आरएमला याचा काही उपयोग नाही. विंडोजवाल्यांसाठी मात्र मला हा कुठल्याही मनाईपेक्षा बरा वाटतो. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ दिसलं की माणूस चिडतो आणि पासवर्ड मागत फिरतो.

दादर_टीटी | मंगळवार, रात्री ११.३०

स्टिकीचे दोन खड्डे कोणी सांगितले नाहीत.

एक: सेट-जीआयडी आत बनणाऱ्या नव्या फोल्डरांना वारशाने जातो, स्टिकी जात नाही. कॉलेजच्या मुलीने आत ‘ऑक्टोबर’ फोल्डर केलं की ते तिच्या मालकीचं, आणि त्यावर टी नाही. उबंटूवर प्रत्येक खात्याचा स्वतःचा ग्रुप असल्यामुळे यूमास्क (नव्या फाइलींना कुठल्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते ठरवणारा आकडा) बऱ्याचदा ००२ असतो, म्हणजे ग्रुपला लिहायची मुभा. ‘वाचन’ ग्रुपातला कोणीही तिथलं उडवू शकतो. एकतर आतली फोल्डरं आधीच बनवून टी लावून ठेवा, नाहीतर रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी) फाइंडची एक ओळ टाका, टाइप डी, म्हणजे फोल्डरं, शोधून सगळ्यांना +टी.

दोन: त्या फोल्डरच्या वरच्या फोल्डरकडे बघा. तिथे लिहायची मुभा असेल तर आतली एकही फाइल न काढता अख्ख्या फोल्डरचं नाव बदलता येतं. माणूस घाबरून म्हणतो ‘सगळं गेलं’ आणि असतं तिथेच, वेगळ्या नावाने. ४ टीबीची डिस्क जिथे माउंट होते त्या जागेचा मालक रूट आणि मोड ७५५ असू द्या.

भांडुपकर | बुधवार, सकाळी ८.०५

अजून म्हणतो, सीएचअ‍ॅटर. +आय नको तर +ए घ्या. फोल्डरवर +ए लावलं की त्यात नवीन फाइल बनवता येते, असलेली काढता येत नाही, नाव बदलता येत नाही. अगदी ताईंनी मागितलेलं. मालकाला नाही, फोल्डरच्या मालकाला नाही, रूटलाही आधी -ए करावं लागतं. खात्यांची भानगडच नको. एकाच ‘स्कॅन’ खात्यावर चालेल.

कटिंगचहा | बुधवार, सकाळी ९.४०

एकाच खात्यावर आणि तेही सुडोवाल्या? मग -ए करायला किती वेळ लागतो?

पण मान्य, हे मी विसरलो होतो आणि इथे ते खरंच बसतं. फक्त अडचणीही ऐका. बरेच प्रोग्राम फाइल जतन करताना आधी तात्पुरत्या नावाने लिहितात आणि मग खऱ्या नावावर आणतात. ते नाव बदलणं +एमध्ये अडतं. आरसिंक हा कॉपी करणारा प्रोग्राम तसंच करतो, इनप्लेस दिलं नाही तर. लिब्रेऑफिसची कुलूप-फाइल बनते पण निघत नाही, फोल्डरभर साचत जाते. स्कॅनरचा प्रोग्राम काय करतो ते करूनच बघावं लागेल.

दुसरं, फोल्डरवर +ए लावल्याने आतल्या फाइलींचा मजकूर सुरक्षित होत नाही. फाइल तशीच राहते, पण लिहायची मुभा असलेला कोणीही ती रिकामी करू शकतो. शून्य बाइटची टिफ फाइल बघून तुम्हाला काय समाधान? एक्स्ट४वर हे +ए आतल्या नव्या फोल्डरांनाही आपोआप लागत नाही.

रूटकॅनॉल | बुधवार, दुपारी १.१५

दोघांचंही बरोबर, पण दोघं एकाच फोल्डरकडून दोन कामं करून घेताय. पुस्तककिडा, वाकडं आलेलं स्कॅन, दोनदा झालेलं पान, हाताचा अंगठा आलेला फोटो, हे काढता आलंच पाहिजे ना? ‘कोणालाच काहीच डिलीट करता येऊ नये’ असं केलंत तर महिन्याभरात डिस्क कचऱ्याने भरेल, मग पुन्हा कोणीतरी सफाई करायला बसेल, या वेळी सुडो लावून.

म्हणून दोन फोल्डर करा: आवक आणि संग्रह.

आवक: कटिंगचहाने सांगितलं तसं, ३७७०, मालक रूट, ग्रुप वाचन. इथे मंडळी स्कॅन करतील, स्वतःचं बिघडलेलं स्वतः काढतील.

संग्रह: मालक रूट, मोड ७५५. मंडळींना फक्त वाचता येईल. लिहायची मुभा नाही म्हणजे मिटवायचीही नाही, स्टिकीची गरजच उरत नाही.

मधलं काम रात्री रूटच्या क्रॉनने. आवकमध्ये तासाभरात न बदललेल्या फाइली उचलायच्या (फाइंडला -एमएमिन +६०, म्हणजे अर्धवट लिहिली जाणारी फाइल सापडणार नाही), एमव्ही -एनने संग्रहात न्यायच्या. -एन यासाठी की त्याच नावाची फाइल तिथे आधीच असेल तर तिच्यावर चढवायची नाही. अशी फाइल आवकमध्येच पडून राहते, सकाळी दिसली की नावाचा घोळ आहे हे कळतं. उप-फोल्डरं असतील तर स्क्रिप्टने तीच रचना संग्रहात आधी बनवून मग फाइल न्यावी.

एमव्हीनंतर सीएचओन रूट आणि सीएचमॉड ४४४ विसरू नका. एमव्हीने मालक बदलत नाही. फाइल कॉलेजच्या मुलीच्या नावावरच राहिली तर तिला ती काढता येणार नाही, पण सीएचमॉड करून रिकामी करता येईल, कारण मालकाला आपल्या फाइलीचा मोड कधीही बदलता येतो. तुमचं मूळचं ४४४ इथे, योग्य जागी, कामाला येतं.

भांडुपकरांचं +आय शेवटच्या टप्प्याला. एखाद्या मासिकाचं वर्ष पूर्ण झालं, पानं मोजून झाली, की त्या वर्षाच्या फोल्डरला सीएचअ‍ॅटर -आर +आय. मग रात्री झोपेत रूटने चुकीच्या जागी आरएम -आरएफ दिलं तरी ते वर्ष वाचतं.

भांडुपकर | बुधवार, दुपारी १.४०

+१. शेवटी आमचं +आय आलंच!

शून्यप्रहर | बुधवार, संध्याकाळी ७.२०

रूटकॅनॉल यांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. साम्बात ‘संग्रह’ वेगळा शेअर करून ‘रीड ओन्ली’ येस ठेवा, म्हणजे विंडोजवाल्या काकांना दोन फोल्डरांतला फरक पहिल्या दिवसापासून कळेल.

फास्ट_लोकल | बुधवार, रात्री ८.४५

बॅकअपचं काय? दुसरी डिस्क आहे का, आणि तिच्यावर कॉपी कशी होते?

पुस्तककिडा | बुधवार, रात्री ९.३०

आहे. दर शनिवारी आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर, त्याच टेबलावर. आज्ञेत -ए आणि --डिलीट आहे. उडालेले उरलेले महिने तिच्यावरही नाहीत, ते आत्ता लक्षात आलं का ते...

फास्ट_लोकल | बुधवार, रात्री ९.४०

--डिलीट म्हणजे इकडे उडालं की तिकडेही उडव. संग्रहातून तर आता काही कमी व्हायचंच नाही, मग ते हवंय कशाला? काढून टाका. बाहेरची डिस्क कुठल्या फॉरमॅटची? एक्सफॅट असेल तर तिच्यावर मालक, मोड, सीएचअ‍ॅटर यातलं काहीच टिकत नाही, माउंट करताना जे ठरेल ते सगळ्यांना. आणि एक्स्ट४ असली तरी आरसिंक, सीपी, टार यांतलं कोणीही +आय सोबत नेत नाही. डिस्क बदलली की पुन्हा लावावं लागतं.

आणि दोन्ही डिस्का एका टेबलावर, पार्ल्यात, तळमजल्यावर? २६ जुलै २००५ला शेजारच्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला होता. एक डिस्क कोणाच्या तरी घरी, वरच्या मजल्यावर जाऊ द्या.

दादर_टीटी | बुधवार, रात्री १०.००

शक्यतो पश्चिम रेल्वेच्या त्या बाजूला नको, सेंट्रलला द्या. :)

पुस्तककिडा | रविवार, संध्याकाळी ६.१०

सगळं झालं. प्रत्येकाचं खातं बनलं, आजोबांनी पासवर्ड म्हणून पहिल्या दिवाळी अंकाचं साल मागितलं, दिलं नाही. ‘फोर्स यूजर’ची ओळ खरंच होती, काढली. --डिलीट काढला, डिस्क मुलुंडला एका सभासदांकडे गेली. आवकमध्ये एकमेकांचं उडत नाही, स्वतःचं उडतं, तपासलं. संग्रहात विंडोजवरून डिलीट केलं तर नाही म्हणतो. न मिळालेल्या महिन्यांचे अंक पुन्हा स्कॅन करावे लागतील, त्यातले दोन तर उघडण्याच्या अवस्थेत नाहीत. ते ठाण्याच्या एखाद्या ग्रंथालयात मिळतात का बघणार आहोत.

पूर्ण झालेल्या वर्षांना +आय लावलं. एलएसअ‍ॅटर केल्यावर आय दिसतो, पण त्याच्या पुढे प्रत्येक फाइलीला एक ‘ई’ पण दिसतोय. तो मी लावलेला नाही. काढू का?

भांडुपकर | रविवार, संध्याकाळी ६.२५

नको नको. ई म्हणजे एक्स्टेंट, फाइल डिस्कवर कशी मांडली आहे त्याची खूण. एक्स्ट४वर सगळ्या फाइलींना असते. राहू द्या. एलएसअ‍ॅटरची यादी मात्र एका फाइलीत जतन करून मुलुंडच्या डिस्कवर टाका, पुढे डिस्क बदलावी लागली तर +आय कुठे कुठे होतं ते कळेल.